मातीतले विष आणि झाडाचे घड्याळ

चिंचेची पाने संध्याकाळी मिटतात आणि पहाटे उघडतात. शिरीष, टाकळा, लाजाळू यांचेही तसेच. ऊन गेले म्हणून पाने मिटली आणि ऊन आले म्हणून उघडली, असे कुणालाही वाटेल. अलेक्झांडरच्या मोहिमेतील अँड्रोस्थेनिस याने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात टायलॉस बेटावर, म्हणजे आजच्या बहारीनमध्ये, चिंचेच्या पानांची ही रोजची हालचाल नोंदवली होती. त्यानंतर दोन हजार वर्षे तिच्यामागे उन्हापलीकडचे काही कारण असेल, अशी शंका फारशी कुणाला आली नाही.

१७२९ मध्ये जाँ-जाक द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूचे रोप अंधारात ठेवले. उजेडाचा किरणही पोहोचत नसताना त्याची पाने सकाळी उघडत राहिली. पुढे १८३२ मध्ये द कांदोल या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाला असे दिसले, की बाहेरच्या दिवस-रात्रीपासून तोडलेल्या लाजाळूचा दिवस २४ तासांचा न राहता २२ ते २३ तासांचा होतो. हा फरक महत्त्वाचा आहे. रोप बाहेरचा एखादा छुपा इशारा ओळखत असते, तर त्याचे चक्र नेमके २४ तासांचेच राहिले असते. ते थोडे चुकते, याचा अर्थ घड्याळ झाडाच्या आत आहे, आणि सूर्य ते रोज जुळवून देतो.

हे घड्याळ केवळ पाने मिटवण्यापुरते नसते. पर्णरंध्रे, म्हणजे पानावरची श्वासाची सूक्ष्म छिद्रे, कधी उघडायची, मुळांनी पाणी कधी जोराने ओढायचे, रात्रीसाठी साठवलेले अन्न किती वेगाने खर्च करायचे, फुलोरा कोणत्या ऋतूत काढायचा, हे सारे त्यावर ठरते. या चोवीस तासांच्या चक्राला दैनिक जैविक लय म्हणतात. माती बिघडली की ही लयही बिघडते. दूषित जमिनीतले झाड अनेकदा मरत नाही, वाळतही नाही. त्याची वेळ चुकू लागते, आणि म्हणूनच हे नुकसान डोळ्यांना उशिरा दिसते.

घड्याळ चालते कसे

झाडाच्या घड्याळाविषयीची बहुतेक माहिती अरॅबिडॉप्सिस नावाच्या छोट्या रोपावरून मिळाली आहे. मोहरीच्या कुळातले हे रोप सुमारे सहा आठवड्यांत बी धरते, त्यामुळे प्रयोगशाळेत ते सोयीचे पडते. त्याच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत घड्याळ असते. हे घड्याळ काही जनुकांनी आणि त्यांनी बनवलेल्या प्रथिनांनी एकमेकांना आळीपाळीने रोखण्यातून चालते.

साखर कारखान्यातल्या पाळ्या डोळ्यांसमोर आणल्या तर हे सहज समजते. सीसीए१ आणि एलएचवाय ही प्रथिने सकाळपाळीची. ती पहाटे सर्वाधिक असतात आणि कामावर असेपर्यंत संध्याकाळच्या पाळीला आत येऊ देत नाहीत. दिवस चढतो तशी ती झिजत जातात. दरम्यान दिवसपाळीची प्रथिने येऊन सकाळपाळीची नवी भरती थांबवतात. संध्याकाळी टॉक१ हे प्रथिन हजर होते आणि तेही सकाळपाळीला बाहेरच ठेवते. रात्री आणखी एक गट येतो आणि दिवसपाळीला रोखून धरतो. पहाटेपर्यंत संध्याकाळची आणि रात्रीची प्रथिनेही विरलेली असतात. सकाळपाळीला अडवणारे कुणी उरत नाही आणि चक्र पुन्हा सुरू होते.

या फेरीला सुमारे २४ तास लागतात, कारण प्रत्येक प्रथिन बनायला आणि मोडायला ठरावीक वेळ लागतो. नाजूक जागा नेमकी हीच आहे. एखादे प्रथिन कमी बनले, लवकर मोडले किंवा जास्त वेळ टिकले, तर सगळ्या पाळ्या सरकतात. अरॅबिडॉप्सिसच्या सुमारे एक तृतीयांश जनुकांचे काम या घड्याळाच्या तालावर कमी-जास्त होते. त्यामुळे घड्याळ सरकले की त्याची झळ अनेक कामांना एकदम बसते.

वेळ चुकल्याची किंमत

२००५ मध्ये केंब्रिज येथील संशोधकांनी या किमतीचे मोजमाप केले. त्यांनी दोन उत्परिवर्तित वाण घेतले. एकाचे घड्याळ जनुकातील बदलामुळे सुमारे २० तासांचे होते, दुसऱ्याचे सुमारे २८ तासांचे. मग कृत्रिम प्रकाशात २० तासांचा आणि २८ तासांचा ‘दिवस’ तयार केला. ज्या रोपाचे घड्याळ बाहेरच्या दिवसाशी जुळले, त्यात हरितद्रव्य जास्त होते, त्याने हवेतला कार्बन जास्त बांधला आणि ते अधिक वाढले. दिवस बदलला की वरचढ ठरणारे रोपही बदलले. म्हणजे कोणतेही घड्याळ स्वतःपुरते चांगले किंवा वाईट नव्हते, ते बाहेरच्या दिवसाशी जुळते की नाही यावर वाढ ठरत होती.

रात्रीच्या अन्नाचा हिशेबही असाच काटेकोर असतो. झाड दिवसा बनवलेल्या साखरेचा काही भाग पानात स्टार्चच्या रूपात ठेवते आणि रात्रभर तो एकसारख्या वेगाने वापरते. पहाट होते तेव्हा साठा जवळजवळ संपलेला असतो, पण पुरता संपलेला नसतो. इतका नेमका अंदाज बांधायचा तर पहाटेला किती तास उरले हे ठाऊक हवे, आणि ते घड्याळ सांगते. घड्याळ वेगाने चालणाऱ्या रोपांत पहाट होण्याच्या कितीतरी आधीच साठा संपतो आणि उरलेली रात्र रोप उपाशी काढते. हे २०१० मध्ये दाखवले गेले. रोज रात्री अशी उपासमार झाली की वाढ खुंटते, आणि शेतकऱ्याला मात्र खत कमी पडले असे वाटते.

चौकट : घड्याळ दिसते कसे
पेशीतले घड्याळ पाहण्यासाठी संशोधकांनी काजव्याची मदत घेतली. काजव्याच्या पोटात प्रकाश निर्माण करणारे ल्युसिफरेज नावाचे प्रथिन असते. त्याचे जनुक झाडाच्या घड्याळाने चालणाऱ्या जनुकाला जोडले की रोप ठरलेल्या वेळी अतिशय मंद उजळते आणि नंतर विझत जाते. संवेदनशील कॅमेऱ्याने हा प्रकाश दिवसेंदिवस टिपता येतो. या पद्धतीने हजारो रोपे तपासून १९९५ मध्ये टॉक१ मध्ये बदल झालेले, वेगळ्याच वेळी उजळणारे रोप सापडले. मातीतील धातूंनी लय किती सरकते हेही आता याच पद्धतीने मोजतात.

मातीची खबर पानापर्यंत

घड्याळाला उजेड पानातून कळतो, मग मातीतल्या बिघाडाची झळ त्याला कशी लागते? मुळांनाही घड्याळ असते. २००८ मध्ये असे आढळले, की मुळांतली लय पानांकडून येणाऱ्या निरोपावर जुळते आणि तो निरोप प्रकाशसंश्लेषणाशी निगडित असतो. २०१३ मध्ये हेही दिसले, की पानात बनणारी साखर स्वतःच घड्याळ जुळवण्याचा एक इशारा असते. साखर साठू लागली की घड्याळ ‘सकाळ झाली’ असे धरते.

त्यामुळे मातीतला जो घटक प्रकाशसंश्लेषण मंदावतो, तो घड्याळापर्यंत पोहोचतोच. शिवाय लोह, तांबे, मॅग्नेशियम, नायट्रोजन यांच्या पातळीवरही घड्याळाचे लक्ष असते. माती दूषित होणे म्हणजे तिच्यात परके विष येणे इतकेच नव्हे. गरजेचा घटक अतिरेकी प्रमाणात येणे, किंवा एका घटकाच्या गर्दीत दुसरा मिळेनासा होणे, हेही दूषित होणेच आहे.

केवडा पडलेले पान

चुनखडीच्या जमिनीत ऊस, सोयाबीन किंवा भुईमुगाची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेतकरी याला केवडा पडला म्हणतात. पिकाला लोह मिळत नसल्याची ही खूण आहे. जमिनीत जस्त, तांबे, निकेल किंवा कॅडमियमचा अतिरेक झाला तरी अशीच लक्षणे दिसू शकतात. लोह आत घेणारे मुळातले दार केवळ लोहासाठी राखीव नसते. अरॅबिडॉप्सिसमधील आयआरटी१ हे वाहक प्रथिन लोहाबरोबर जस्त, मँगनीज, कोबाल्ट आणि कॅडमियमही आत घेते. या धातूंची गर्दी झाली की लोहाला जागा उरत नाही.

लोहाच्या टंचाईने पान पिवळे पडते हे जुने ज्ञान आहे. तिने घड्याळही मंदावते, हे २०१३ मध्ये स्वतंत्रपणे काम करणाऱ्या संशोधकांच्या प्रयोगांतून पुढे आले. लोह कमी मिळालेल्या रोपांचा आतला दिवस लांबतो. यामागचा निरोप हरितलवकांकडून, म्हणजे पानातल्या ज्या कणांत प्रकाशसंश्लेषण होते त्यांच्याकडून येतो. उजेड ओळखणाऱ्या फायटोक्रोम नावाच्या प्रथिनांचाही त्यात हात असतो. लोहाशिवाय हरितलवक नीट घडत नाही आणि न घडलेल्या हरितलवकाची खबर घड्याळापर्यंत जाते. म्हणून केवडा पडलेल्या पिकाकडे पाहताना केवळ रंग गेलेला दिसत असला, तरी त्या पानातली वेळही सरकलेली असू शकते.

मोरचूद, कॅडमियम आणि जाळणारा ऑक्सिजन

तांबे झाडाला लागते, पण अगदी थोडे. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत आणि कोकणातल्या सुपारीवर बुरशी रोखण्यासाठी बोर्डो मिश्रण फवारतात. १८८५ च्या सुमारास फ्रान्समधल्या बोर्दोच्या द्राक्षमळ्यांत ते पुढे आले. एक टक्क्याच्या मिश्रणात १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना असतो, आणि त्या मोरचुदात सुमारे २५० ग्रॅम निव्वळ तांबे असते. औषध म्हणून ते उत्तम आहे यात वाद नाही. पण पानावरून ओघळून किंवा गळलेल्या पानाबरोबर खाली आलेले तांबे कुजत नाही. वर्षानुवर्षे ते मातीच्या वरच्या थरात साठत जाते. युरोपातल्या जुन्या द्राक्षमळ्यांत हा साठा मोठी समस्या बनला आहे.

जादा तांब्याने घड्याळाचे काय होते, हे स्पेनमधील संशोधकांनी २०१० मध्ये पाहिले. तांबे आत घेणाऱ्या वाहक प्रथिनांचे प्रमाण वाढवलेल्या रोपांत सीसीए१ आणि एलएचवाय या सकाळपाळीच्या जनुकांचे काम मंदावले. वाढीतले दोष विशेषतः तेव्हा ठळक झाले, जेव्हा रोपांना दिवस-रात्रीचा नियमित फेरा मिळत नव्हता. या शेवटच्या गोष्टीकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

कॅडमियम झाडाला मुळीच लागत नाही. जस्ताच्या खाणी आणि भट्ट्या, जुन्या बॅटऱ्या आणि फॉस्फेट खडकापासून बनलेली खते यांतून ते मातीत येते. जपानमधल्या तोयामा प्रांतात कामिओका खाणीचे कॅडमियम जिंझू नदीतून भातशेतीत आणि तिथून भातात उतरले. त्या भातामुळे माणसांची हाडे ठिसूळ करणारा ‘इताई-इताई’ रोग झाला आणि १९६८ मध्ये सरकारने त्याची दखल घेतली. झाडाच्या पेशीत कॅडमियम कॅल्शियमच्या वाटेने शिरते, कारण दोघांच्या आयनांचा आकार जवळपास सारखा असतो. पर्णरंध्रांच्या कडेच्या पेशी ते कॅल्शियम समजून आत घेतात आणि छिद्रे मिटवतात. पेशीतले कॅल्शियम एरवी रोज ठरावीक तालात चढते-उतरते आणि त्यातून अनेक कामांना वेळेची सूचना मिळते. त्या सूचनेत आता तोतया घुसलेला असतो. अरॅबिडॉप्सिसमध्ये कॅडमियममुळे ईएलएफ४ या रात्रीच्या पाळीतल्या जनुकाचे कामही बदलते, असे २०११ मध्ये इटलीतील संशोधकांनी नोंदवले.

जड धातू आणखी एक मार्ग धरतात. ते पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे, समोर येईल त्याला जाळणारे ऑक्सिजनचे रेणू वाढवतात. निरोगी झाडातही असे रेणू बनतात. त्यांचे प्रमाण दुपारी सर्वाधिक असते, कारण प्रकाशसंश्लेषण तेव्हा ऐन भरात असते. त्यांना निष्प्रभ करणारी यंत्रणाही त्याच सुमारास कमाल कामावर असते आणि ही वेळ सीसीए१ जुळवून देते. २०१२ मधील प्रयोगांत हे प्रथिन नसलेली रोपे असे रेणू वाढवणाऱ्या तणनाशकाला लवकर बळी पडली आणि ते जास्त असलेली रोपे तग धरून राहिली. धातूंचे दुहेरी नुकसान इथे लक्षात येते. ते आग वाढवतात, आणि आग विझवणाऱ्यांना वेळेवर बोलावणारे घड्याळही बिघडवतात.

मीठ फुटलेली जमीन

कृष्णा, वारणा आणि पंचगंगेच्या काठी, सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात बेसुमार पाण्याने हजारो एकर जमीन क्षारपड झाली. पाणी मुरत राहिले, खालचे क्षार वर आले आणि उन्हाळ्यात जमिनीवर पांढरे मीठ फुटू लागले. कोकणात आणि गोव्यात बांध फुटून समुद्राचे पाणी शिरले की खार जमिनीतले आणि खाजणातले भातशेत असेच बिघडते. मिठाचा आणि घड्याळाचा संबंध धातूंच्या मानाने अधिक तपशिलात उलगडला आहे.

या कथेत जायगँटिया नावाचे प्रथिन मध्यभागी आहे. ते घड्याळाचा भाग आहे आणि दिवसाची लांबी ओळखून फुलोऱ्याची वेळ ठरवण्यातही त्याचा मोठा वाटा आहे. मीठ बाहेर फेकण्याची यंत्रणा वेगळी आहे. एसओएस२ हे प्रथिन एसओएस१ या पंपाला सुरू करते आणि पंप सोडियम पेशीबाहेर टाकतो. २०१३ मध्ये असे आढळले, की चांगल्या मातीत जायगँटिया एसओएस२ ला धरून ठेवते, त्यामुळे पंप उगाच चालत नाही. माती खारट झाली की जायगँटिया मोडले जाते, एसओएस२ मोकळे होते आणि पंप सुरू होतो. झाड वाचते. पण जायगँटिया घटले की फुलोऱ्याला वेळेवर इशारा देणारे प्रथिनही घटते, आणि खारट जमिनीत फुलोरा लांबतो.

मग घड्याळाचे काय? घड्याळाचा एक भाग असा मोडत राहिला तर लयही तुटायला हवी. ती सहसा तुटत नाही. २०२२ मध्ये कळले, की मीठ वाढल्यावर एसओएस१ हा पंपच जायगँटियाशी जोडला जाऊन त्याला टिकवतो आणि घड्याळाचा कालावधी योग्य ठेवतो. मीठ फेकणारे प्रथिन वेळही सांभाळते, हा या विषयातल्या सर्वांत सुंदर निष्कर्षांपैकी एक म्हणावा लागेल. भातातही घड्याळाच्या कुटुंबातले ओएसपीआरआर७३ हे प्रथिन मिठाला तोंड द्यायला मदत करते, असे २०२१ मध्ये दिसले. गोव्यातले कोरगूट भात पिढ्यान्‌पिढ्या खाजणात टिकले आहे. अशा वाणांत मीठ सोसण्याची शक्ती शोधताना त्यांचे वेळापत्रकही तपासले पाहिजे.

सूर्य बिघाड झाकतो

तांब्याच्या प्रयोगातला मुद्दा इथे पुन्हा येतो. प्रयोगशाळेत अखंड उजेडात ठेवलेल्या रोपाचा दिवस २६ तासांचा झाला, तर तो आकडा लगेच हाती येतो. शेतात तसे होत नाही. रोज पहाटे सूर्य उगवतो आणि मागे पडलेल्या घड्याळाला पुढे ढकलतो. त्यामुळे दूषित शेतातल्या पिकाचा दिवसही २४ तासांचाच दिसतो. बिघाड जात नाही, तो वेगळ्या रूपात राहतो. मंद घड्याळाचे झाड प्रत्येक काम थोडे उशिरा करते. पहाट होण्याआधीच पानाने उजेडाची तयारी करायची असते, ती ऊन वर आल्यावर सुरू होते. लयीचे चढ-उतारही उथळ होतात, म्हणजे दुपारी जे काम भरपूर व्हायचे ते कमी होते आणि रात्री जे थांबायचे ते पुरते थांबत नाही. मातीतल्या विषाचा परिणाम दिवसातून एकदाच नमुने घेऊन मोजला, तर ही हानी हाती लागणार नाही. एका दिवसात दर दोन-तीन तासांनी नमुने घ्यावे लागतात. प्रयोगशाळेतले बहुतेक प्रयोग एका वेळी एकाच धातूवर होतात. शेतात धातू, क्षार आणि रसायने एकत्र असतात, म्हणून शेतातली अशी मोजमापे अधिक मोलाची आहेत.

मुळांभोवतीची सकाळ

लोह कमी पडले की गहू आणि बार्ली यांसारखी तृणधान्ये मुळांतून एक स्राव सोडतात. तो मातीतले लोह बांधतो आणि मूळ ते बांधलेले लोह आत ओढते. हा स्राव दिवसभर सुटत नाही. सूर्योदयानंतरच्या काही तासांत तो एकदम बाहेर पडतो. मोठ्या प्रमाणात एकदाच सोडल्यामुळे मातीतले जीवाणू तो खाऊन संपवण्याआधी मुळाचे काम होते. पण हा स्राव तांबे आणि जस्तही बांधतो. धातूंनी भरलेल्या मातीत रोपाची सकाळची ही मेहनत बरीचशी चुकीच्या धातूवर खर्च होते.

मुळांभोवतीचे जीवाणूही झाडाच्या वेळेवर जगतात. घड्याळात दोष असलेल्या अरॅबिडॉप्सिसच्या मुळांभोवती जीवाणूंचा वेगळाच समूह जमतो, हे २०१८ मध्ये दिसले. म्हणजे माती झाडाचे घड्याळ बिघडवते, आणि बिघडलेले घड्याळ मातीतली वस्तीही बदलते.

रसायनाची मात्रा तीच ठेवली तरी वेळ बदलली की परिणाम बदलतो. ग्लायफोसेट या तणनाशकाच्या बाबतीत २०१९ मध्ये ते सिद्ध झाले. तण मारण्यासाठी लागणारी किमान मात्राही त्या झाडाच्या घड्याळानुसार कमी-जास्त होते. योग्य वेळ साधली तर कमी औषधात काम होईल आणि मातीत कमी रसायन उतरेल. या दिशेने शेतावर प्रयोग व्हायला हवेत.

शेतात काय करता येते

क्षारपड जमीन सुधारते. भूमिगत निचऱ्याच्या नळ्या टाकून क्षार धुऊन काढता येतात, चोपण जमिनीला जिप्सम उपयोगी पडते, आणि पाणी मोजून दिले तर मीठ पुन्हा वर येत नाही. धातूंचे तसे नाही. आम्ल जमिनीत चुना आणि सर्वत्र शेणखत-कंपोस्ट घातल्याने ते मातीला घट्ट चिकटतात आणि मुळांना कमी मिळतात, पण जागचे हलत नाहीत. म्हणून ते मातीत जाण्याआधीच थांबवणे, हाच खरा उपाय आहे. केवडा दिसला की लगेच जस्त किंवा मोरचूद टाकण्याआधी माती तपासून घ्यावी. २०१५ पासून शेतकऱ्यांना मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक असतात. त्यांत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि नत्र, स्फुरद, पालाश, गंधक यांबरोबर लोह, जस्त, तांबे, मँगनीज आणि बोरॉन येतात. कॅडमियम आणि शिसे त्यांत नाहीत. शहरालगत नाल्याच्या पाण्यावर भाजी पिकवणाऱ्यांनी आणि कारखान्याजवळ शेत असणाऱ्यांनी या दोन धातूंची तपासणी वेगळी मागून करून घ्यावी.